फुलपाखरांची बाग आणि रुईचे झुडूप



या भित्तिपत्रकासाठी गुरुजींनी मला उन्हाळ्यातली फुले आणि किडे यांच्यावर लेख लिहायला सांगितला. मी इयत्ता चौथीत शिकते. आमच्या शाळेच्या मागे, हापशाजवळ, आम्ही फुलपाखरांची बाग केली आहे. तिथे मी जे पाहिले ते लिहिले आहे. जे गुरुजींनी सांगितले, ते गुरुजींनी सांगितले असे लिहिले आहे. माझ्या हातून एक चूक झाली. ती पण लिहिली आहे, कारण ती लिहिल्याशिवाय बागेची माहिती पुरी होत नाही.

बाग कशी केली

२६ जानेवारीच्या आधी शाळेत श्रमदान असते. आम्ही सगळे पटांगण साफ केले. मुलांनी दगड वेचले. आम्ही मुलींनी गवत काढले. मागच्या कुंपणाला रुईची तीन झुडपे होती. ती माझ्या डोक्याएवढी उंच होती. ती असली की कुंपण गबाळे दिसते असे आम्हाला वाटायचे. मी घरून खुरपे आणले होते. मीच पुढे होऊन विचारले, "गुरुजी, रुई काढू का?" गुरुजी झेंड्याच्या कट्ट्याला चुना लावत होते. ते म्हणाले, "काढा, पण चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका."

रुईच्या पानांवर पट्ट्यापट्ट्यांच्या अळ्या होत्या. एक मुलगा ओरडला, "अळ्या हायेत! हात लावू नका, खाज येईल." मग आम्ही झुडपे तोडून काठीने ओढत नेली आणि पालापाचोळ्याच्या ढिगावर टाकली. संध्याकाळी ढीग पेटवला. पटांगण स्वच्छ झाले आणि आम्हाला शाबासकी मिळाली.

मोकळ्या जागेत आम्ही दोन वाफे केले. घरून शेणखत आणले. झेंडू, सदाफुली, तुळस आणि गुलाब लावले. माझ्या आईने कढीपत्त्याचे रोप दिले. हापशाखाली सांडलेले पाणी पूर्वी रस्त्यावर जायचे. आम्ही कुदळीने चर काढून ते वाफ्यात वळवले. दुपारी खिचडी खाल्ल्यावर आम्ही हात धुतो, ते पाणी पण त्याच चरात जाते. म्हणून उन्हाळ्यातही वाफा ओला राहतो. मग पत्र्याच्या पाटीवर 'फुलपाखरांची बाग' असे रंगवले आणि पाटी कुंपणाला बांधली.

नोंदवही

२८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिन असतो. त्या दिवशी गुरुजींनी प्रत्येकाला एक निरीक्षण वाटून दिले. कोणाला चिमण्या, कोणाला ढग, मला बाग. मी रोज मधल्या सुट्टीत दहा मिनिटे बागेजवळ गुपचूप बसायचे आणि वहीत लिहायचे. मार्चपासून सकाळची शाळा झाली, तेव्हा भरायच्या आधी बसायला लागले.

मला जे दिसले ते असे :

(१) सकाळी ऊन कोवळे असते तेव्हा फुलपाखरे भिंतीवर किंवा दगडावर पंख पसरून बसतात. गुरुजींनी सांगितले की त्यांच्या अंगात आपल्यासारखी कायमची ऊब नसते. उन्हात अंग तापले की मगच त्यांना नीट उडता येते. दुपारी फार तापले की ती पानाखाली सावलीला जातात.

(२) फुलपाखराची सोंड घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते. फुलावर बसले की ते ती सरळ करते आणि मध पिते. त्याला चावता येत नाही.

(३) गुलाबावर मी एकही फुलपाखरू बसलेले पाहिले नाही. झेंडूवर आणि सदाफुलीवर बसली. पण सगळ्यांत जास्त बसली ती एकदांडीवर. एकदांडी आम्ही लावलीच नव्हती. ती चराच्या कडेला आपोआप उगवली. तिच्या उभ्या दांडीवर एकच छोटे पिवळे-पांढरे फूल असते. आजी तिला जखमजोडी म्हणते, कारण खरचटले की तिचा पाला चोळून लावतात.

(४) चराजवळच्या ओल्या चिखलावर कधी कधी पिवळी फुलपाखरे ओळीने बसतात. तिथे फूल नसते, तरी सोंड चिखलात असते. ती चिखलातले क्षार घेतात, आणि असे करणारी बहुतेक नर असतात, असे गुरुजी म्हणाले.

(५) तुळशीच्या मंजिरीवर मधमाश्या येतात. पाडव्याच्या सुमाराला कडुनिंब फुलला, तेव्हा झाडाखाली उभे राहिले की वर गुणगुण ऐकू यायची.

उन्हाळ्यात रान वाळून जाते. पण सगळेच वाळत नाही. कडुनिंब, करंज, बहावा, घाणेरी, रुई ही उन्हात फुलतात. पाऊस नसताना किड्यांना हीच फुले उपयोगी पडतात. घाणेरीवर फुलपाखरे पुष्कळ येतात, पण ती मुद्दाम लावू नये. ती बाहेरच्या देशातून आलेली आहे आणि रानात पसरून दुसरी झाडे दाबून टाकते. एकदांडी पण मूळची अमेरिकेतली आहे, हे ऐकून मला नवल वाटले.

फुलपाखरे राहत का नाहीत?

महिनाभर नोंद केल्यावर माझ्या लक्षात आले की फुलपाखरे येतात, मध पितात आणि निघून जातात. बागेत एकही अंडे नाही, एकही अळी नाही. मी गुरुजींना विचारले, "गुरुजी, आपण एवढी फुलं लावली, पाणी घालतो. मग ती इथं राहत का नाहीत?"

गुरुजी म्हणाले, "तू पाहुण्यांना चहा ठेवलास. पण त्यांच्या लेकरांच्या जेवणाचं काय?"

मला कळले नाही. मग त्यांनी फळ्यावर चित्र काढून सांगितले. फुलपाखराच्या चार अवस्था असतात : अंडे, अळी, कोष आणि फुलपाखरू. फुलपाखरू फुलातला मध पिते. पण अळी मध पीत नाही, ती पाने खाते. आणि कुठलीही पाने खात नाही. प्रत्येक जातीची झाडे ठरलेली असतात. दुसऱ्या झाडावर ठेवली तर ती उपाशी मरेल, पण ते पान खाणार नाही. म्हणून मादी अंडे घालण्याआधी पान पारखते. तिच्या पायांना चव कळते. ती पानावर पाय आपटून बघते आणि तेच झाड आहे अशी खात्री झाल्यावर अंडे घालते.

मी विचारले, "पट्ट्यापट्ट्यांची अळी कोणत्या फुलपाखराची?"

गुरुजी म्हणाले, "रुईवरची ना? बिबळ्या कडव्याची. नारिंगी पंख, टोकाला काळं आणि त्यात पांढरे ठिपके."

हे फुलपाखरू मी रोज वहीत लिहीत होते. ते कुंपणाजवळ घिरट्या घालायचे, खाली यायचे आणि परत जायचे. ते रुई शोधत असेल असे मला वाटले. रुई आम्हीच तोडली होती, आणि अळ्या जाळल्या होत्या. त्या किती होत्या हे मी तेव्हा मोजले नव्हते. त्या दिवशी मी वहीत काही लिहिले नाही.

रुई परत फुटली

होळी झाल्यावर एकदा मी कुंपणाजवळ गेले तर एका खोडक्याला कोंब दिसले. आजी म्हणाली, "रुई अशी मरत नाही, पोरी. खाली मूळ जितं असलं की वर फुटतीच." आजी दर शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ घालते. तिने मला सांगितले, "माळेला लागतील तेवढीच पानं तोडायची. झाड तोडायचं नाही."

मी त्या कोंबांभोवती दगडांचे आळे केले. पाडवा होईपर्यंत ती रुई माझ्या गुडघ्याच्या वर आली.

४ एप्रिलला सकाळी बिबळ्या कडवा रुईवर आला. पानावर टेकला, पोट वाकवले आणि उडाला. मी पान हळूच उलटे करून पाहिले. खाली साबुदाण्याच्या दाण्याहूनही बारीक, पांढरट अंडे होते. दोन दिवसांत मला पाच अंडी दिसली. प्रत्येक वेगळ्या पानावर होते. मी फांदीला रंगीत दोरा बांधून खूण केली. पुढची नोंद अशी :

४ एप्रिल : अंडे.

७ एप्रिल : अंड्यातून अळी निघाली. तिने आधी अंड्याचे टरफलच खाल्ले.

९ एप्रिल : अळीने पानाला गोल चर पाडला आणि आतला भाग खाल्ला. गुरुजी म्हणाले, रुईचा चीक चिकट असतो, लहान अळी त्यात अडकून मरू शकते. म्हणून ती आधी चर पाडून चीक वाहू देते.

१२ एप्रिल : अळीच्या अंगावर काळे, पांढरे पट्टे आणि पिवळे ठिपके दिसू लागले. पाठीवर काळ्या शिंगांच्या तीन जोड्या आहेत. ती टोचत नाहीत. तिने कात टाकली. वाढताना ती अशी बऱ्याच वेळा कात टाकते.

१९ एप्रिल : अळी पानाखाली उलटी लटकली आणि तिचा कोष झाला. कोष हिरवा आहे, त्यावर सोन्यासारखे ठिपके आहेत. सगळा वर्ग बघायला आला.

२६ एप्रिल : कोष काळपट झाला. आतले नारिंगी पंख बाहेरून दिसतात.

२७ एप्रिल : सकाळी शाळा भरायच्या आधी कोष फुटला. फुलपाखरू बाहेर आले तेव्हा पंख ओल्या कागदासारखे चुरगळलेले होते. ते कोषालाच धरून लटकत राहिले. हळूहळू पंख पसरले आणि वाळले. आम्ही प्रार्थना म्हणून परत आलो तरी ते तिथेच होते. पहिल्या तासाला ते उडाले.

ही एका अंड्याची गोष्ट झाली. बाकीच्या चार अंड्यांचे काय झाले तेही सांगते. एक अंडे वाळून गेले. एक छोटी अळी कोळ्याने खाल्ली. एक अळी दुसऱ्या दिवशी दिसलीच नाही. एकीचा कोष झाला, पण तो काळा पडला आणि त्याला बारीक भोक पडले. गुरुजी म्हणाले की काही बारीक गांधीलमाश्या अळीच्या किंवा कोषाच्या आत आपली अंडी घालतात. त्यांची पिले आतून कोष खातात. म्हणजे पाच अंड्यांचे एकच फुलपाखरू झाले.

पक्षी मात्र ही अळी सहसा खात नाहीत. रुईचा कडू विषारी रस तिच्या अंगात साठतो. फुलपाखरू झाल्यावरही तो राहतो, म्हणून त्याला कडवा म्हणतात. ज्या पक्ष्याने एकदा तोंड कडू करून घेतले तो पुन्हा त्या रंगाच्या वाटेला जात नाही. दुसऱ्या एका जातीची मादी कडू नसते, पण तिचे पंख हुबेहूब बिबळ्या कडव्यासारखे असतात. तिला त्या रंगाचा फायदा मिळतो.

रुईवर आणखी पाहुणे

रुईच्या जांभळट फुलांवर मोठा काळा भुंगा येतो. तो आला की फूल हलते. रुईचे पराग एका फुलावरून दुसऱ्या फुलावर नेण्याचे काम तो करतो. कोवळ्या शेंड्यावर पिवळा मावा असतो आणि त्याला खायला लाल ढालकिडे येतात. मुंग्या माव्याजवळ गोड रस घ्यायला येतात. एकदा मी रुईवर पिवळा-निळा टोळ पाहिला. एवढ्या एका झुडपावर केवढी वस्ती आहे! आम्ही तशी तीन झुडपे तोडली होती.

लिंबाचे रोप

आमच्या घरामागे अण्णांनी म्हणजे माझ्या वडिलांनी लिंबाचे रोप लावले आहे. एप्रिलमध्ये त्याची पाने खाल्लेली दिसली. अण्णा म्हणाले, "औषध मारतो." मी पळत जाऊन पाहिले. काही अळ्या पक्ष्याच्या शिटेसारख्या दिसत होत्या आणि काही हिरव्या होत्या. हिरवीला काडी लावली तर तिने डोक्यामागून नारिंगी शिंग बाहेर काढले आणि उग्र वास सोडला. ती लिंबाच्या फुलपाखराची अळी होती.

मी म्हणाले, "अण्णा, औषध मारू नका."

अण्णा म्हणाले, "अगं, एवढंसं रोप आणि अकरा अळ्या. पानं राहिली नाहीत तर रोप जगंल का? मी शेतकरी माणूस, मला अळी माहीत हाय."

अण्णांचे म्हणणे पण खरे होते. हरभऱ्यावर घाटेअळी पडली की काय होते ते मी पाहिले आहे. मी गुरुजींना विचारले. ते म्हणाले, "घाटेअळी ही पतंगाची अळी, ती पुष्कळ पिकं खाते. पण रुईवरची अळी तुमच्या ज्वारीला तोंड लावणार नाही. आणि लिंबाची अळी लिंबाच्या कुळातलं झाड सोडणार नाही. मोठ्या झाडाला दहा अळ्यांनी काही होत नाही. रोप लहान असेल तर अळ्या पानासकट उचलून मोठ्या झाडावर ठेव."

मी तसेच केले. नऊ अळ्या पानासकट डब्यात घालून शेजारच्या काकूंच्या मोठ्या कढीपत्त्यावर ठेवल्या. लिंबाची अळी कढीपत्ता पण खाते. दोन रोपावरच राहू दिल्या. अण्णा म्हणाले, "दोन चालतील." रोपाला आता नवी पालवी आली आहे.

गुरुजींनी सांगितले की २०१५ साली महाराष्ट्राने आपले राज्य फुलपाखरू जाहीर केले. असे करणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य. ते फुलपाखरू म्हणजे राणी पाखरू, इंग्रजी नाव ब्ल्यू मॉरमॉन. ते मोठे, काळे आणि निळ्या ठिपक्यांचे असते. त्याच्या अळ्या पण लिंबाच्या कुळातल्या झाडांवरच वाढतात. आमच्या गावात ते मी अजून पाहिलेले नाही.

कोणते पान कोणाचे?

रुई : बिबळ्या कडवा.

लिंबू व कढीपत्ता : लिंबाचे फुलपाखरू.

बहावा : पिवळसर-पांढरे, भरभर उडणारे फुलपाखरू. चिखलावर पण बसते.

एरंड : तपकिरी फुलपाखरू, पंखांवर गडद नागमोडी रेघा.

पानफुटी : छोटे काळे-पांढरे, नारिंगी ठिगळाचे फुलपाखरू. याची अळी जाड पानाच्या आत राहून पान पोखरते.

म्हणजे फुलपाखरांची बाग करायची तर फूल आणि पान दोन्ही पाहिजे. आम्ही आधी नुसती फुलांची बाग केली होती. ज्या बागेत एकही पान कुरतडलेले नाही, तिथे फुलपाखरे जन्मत नाहीत.

सुट्टीत काय?

आता मे महिन्याची सुट्टी लागली. हापसा चालला नाही तर चरात पाणी येणार नाही. आम्ही चौथीची मुले जूनमध्ये पाचवीसाठी दुसऱ्या गावच्या शाळेत जाऊ. म्हणून तिसरीच्या मुलांना आणि पालकांना माझ्या विनंत्या आहेत :

(१) शाळेजवळ राहणाऱ्या पाच घरांनी पाण्याचे वार वाटून घेतले आहेत. शनिवार आणि रविवार मोकळे आहेत. कोणीतरी घ्यावेत. संध्याकाळी दोन बादल्या पुरतात.

(२) कुंपणाची रुई तोडू नये. आता तिच्यावर आणखी तीन अळ्या आहेत. मारुतीसाठी पाने घ्या, पण आधी उलटी करून बघा.

(३) पालापाचोळा पेटवू नका. पाचोळ्यात आणि वाळक्या काटक्यांवर कोष असतात. मागच्या खड्ड्यात टाका, त्याचे खत होईल.

(४) बागेत औषध फवारू नका.

(५) रुईचा चीक डोळ्याला फार वाईट असतो. लहान मुलांनी पाने मोडू नयेत. हात लागला तर साबणाने धुवावा. आणि केसाळ सुरवंटाला कधीच हात लावू नये. त्याने खरेच खाज येते.

सांगा पाहू

(अ) फुलपाखरू काय खाते? अळी काय खाते?

(आ) बिबळ्या कडव्याला पक्षी का खात नाहीत?

(इ) तुमच्या घराजवळ अळीच्या उपयोगाची कोणती झाडे आहेत?

करून पहा

घरामागच्या लिंबाची, कढीपत्त्याची किंवा रुईची दहा पाने उलटी करून पहा. अंडे किंवा अळी दिसली तर दोरा बांधा आणि रोज तारीख घालून लिहा. उपटायचे असेल तर त्याआधी एकदा पान उलटून पहा. मी २६ जानेवारीच्या आधी पाहिले नव्हते.

माझी नोंदवही मी गुरुजींच्या कपाटात ठेवली आहे. तिची अर्धी पाने कोरी आहेत. तिसरीतल्या ज्याला बाग आवडते त्याने जूनमध्ये ती मागून घ्यावी आणि पुढे लिहावी.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी